जबडेरावांच्या कपाळावरची फुली

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी जबडा आहे. जुना म्हणजे घाणेरडा नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो. ज्यांना हे पटत नसेल त्यांनी माझी गोष्ट शेवटपर्यंत ऐकावी आणि मग काय ते बोलावं.

दगड फोडणं हे माझं काम. माझ्या पोटात दोन जाड पोलादी पाट्या आहेत. एक जागची हलत नाही, दुसरी मागेपुढे होते. वरून टाकलेला दगड दोघींच्या मधे सापडला की संपलाच, खाली त्याची खडी पडते. रस्त्यासाठी खडी करणारे माझे भाऊबंद अख्खे डोंगर खातात. मी मात्र एका प्रयोगशाळेच्या तळघरात बसून मुठीएवढे दगड फोडतो. यावरून मला कमी लेखू नका. माझ्या खडीतून दगडाचं वय निघतं. त्यांच्या खडीतून निघतं का? विचारा जाऊन.

माझा जन्म ओतकामाच्या कारखान्यात झाला. भट्टीतून लालबुंद रस साच्यात पडला, निवला, आणि कानशीने घासघासून मला आकार आला. लाकडी खोक्यात बसून मी इथे आलो तेव्हा चार माणसांनी घाम गाळत मला जिन्यावरून खाली उतरवलं. त्या वेळी माझं काय कौतुक! जो तो येऊन माझ्या चाकावरून हात फिरवायचा. पाहुणे आले की आधी मला बघायला खाली आणायचे.

पुढे वरच्या मजल्यावर दगडाचा कण लेझरने जाळून त्यातली द्रव्यं मोजणारं एक यंत्र आलं. त्याला काचेची खोली, थंड हवा, खिडक्यांना पडदे. पाहुणे वरच्या वर परत जाऊ लागले. प्रयोगशाळेच्या माहितीपत्रकात त्याचा मोठा फोटो आहे, माझा मात्र पायसुद्धा नाही. मी चिडलो का? हो, चिडलो! मी फोडलंच नाही तर ते वरचे राजे मोजणार काय, कपाळ?

माझ्या बाजूचं एकच माणूस उरलं, ते म्हणजे मावशी. कागदोपत्री त्या इथल्या मदतनीस, पण तळघरात त्यांचाच शब्द चालतो. 'जबडेराव' हे नाव मला त्यांनीच ठेवलं. दगड फोडून झाला की त्या मला उघडतात. आधी तारेचा ब्रश, मग हवेचा झोत, मग स्पिरिट. त्यानंतर पांढरी स्वच्छ गारगोटी फोडून ती खडी फेकून देतात, म्हणजे कुठल्या फटीत काही दडलं असेल तर तिच्याबरोबर बाहेर पडावं. शेवटी माझ्या दातांवरून पांढरं कापड फिरवतात. कापड पांढरंच राहिलं तर ते भिंतीवरच्या खिळ्याला टांगायचं. राखाडी रेघ उठली तर सगळं पहिल्यापासून. खिळ्यावर कापड दिसेपर्यंत माझ्या तोंडात खडा टाकायची कोणाची छाती नाही. घरी मावशींची सून म्हणते की एवढा हात आमच्या ओट्याला लागला असता तर सोनं झालं असतं. मावशी हे मला हसत हसत सांगतात आणि पुन्हा ब्रश उचलतात.

एवढा सोपस्कार कशाला, असं तुम्ही विचाराल. कारण एका दगडाचा कण दुसऱ्यात मिसळला तर नातवाच्या दाखल्यावर आजोबांची जन्मतारीख चढते.

ते कसं, हे मासेवालीच्या कामावरून सांगतो. मासेवाली म्हणजे इथली एक संशोधक बाई. गेली कित्येक वर्षं ती एकाच माशाच्या मागे आहे, म्हणून सगळे तिला या नावाने चिडवतात आणि तीही ओ देते. हा मासा एका टेकडीच्या कड्यात सापडला. कधीकाळी तो चिखलात रुतला, चिखलाचा दगड झाला आणि हाडांचाही दगड झाला. त्याच्या जबड्याची ठेवण अशी आहे की तो नेमका कधी जगला हे कळलं तर आजच्या कितीतरी माशांचं मूळ सापडेल. पण गंमत बघा, मासा स्वतःचं वय सांगत नाही. तो ज्या चिखलात रुतला त्यातले कणही ठिकठिकाणहून वाहून आलेले असतात. त्यांना विचारून उपयोग नाही.

मग शेजाऱ्यांना विचारायचं. त्या कड्यात माशाच्या खाली राखेचा एक थर आहे आणि वरही एक आहे. जवळच्या ज्वालामुखीने दोनदा राख उधळली, तिचे हे थर. रद्दीच्या गठ्ठ्यात जुना पेपर तळाशी असतो, तसंच थरांचं. मासा खालच्या राखेनंतरचा आणि वरच्या राखेआधीचा. दोन्ही राखांचं वय काढा, मासा मधे पकडला जातो.

राखेत झिरकॉन नावाच्या खनिजाचे बारीक कण असतात, वाळूहूनही बारीक. तापलेल्या रसात हा कण तयार होतो तेव्हा युरेनियमला आत घेतो आणि शिशाला जवळजवळ दारातच अडवतो. मग आतलं युरेनियम हळूहळू, अगदी ठरलेल्या गतीने शिसं होत जातं. मेणबत्ती किती जळली यावरून ती कधी लावली ते कळतं ना, तसंच किती शिसं झालं यावरून कण कधी जन्मला ते कळतं. हे मोजतं वरचं यंत्र. पण दगडातून तो कण सोडवायला आधी मी लागतो.

तर मासेवालीने खालच्या राखेचा दगड आणला. मावशींनी कापड टांगलं, मी दगड फोडला. मग चाळणं, पाण्यात धुऊन जड कण वेगळे करणं, सूक्ष्मदर्शकाखाली सुईच्या टोकाने एकेक कण उचलणं, हे सगळं मासेवालीने केलं. ताटभर दगडातून चिमूटभर कण हाती आले आणि ते वर गेले.

दुसऱ्या दिवशी मावशी खाली आल्या त्या तोंड पाडून. बहुतेक कणांचं वय निघालं होतं साधारण नऊ कोटी वर्षं. पण थोडे कण चाळीस कोटींचे निघाले. आणि नेमका त्याच्या आदल्या आठवड्यात मी जो ग्रॅनाइट फोडला होता, त्याचं वयही चाळीस कोटीच होतं.

झालं! सगळं खापर माझ्या डोक्यावर फुटलं.

प्रयोगशाळेचे प्रमुख, ज्यांना सगळे साहेब म्हणतात, ते चार जणांना घेऊन खाली आले. साहेब वाईट माणूस नाहीत, पण त्यांचं मत एकदा बसलं की फेविकॉलने चिकटवल्यासारखं बसतं. त्यांनी माझ्याभोवती एक चक्कर मारली आणि जाहीर केलं की जुनं धूड आहे, फटीत ग्रॅनाइट राहिला आणि राखेत मिसळला. चाळीस कोटींचे कण कचरा आहेत म्हटल्यावर नऊ कोटींच्या कणांवर तरी विश्वास कसा ठेवायचा? मासेवालीचं काम बाद. यापुढे या यंत्रात काही फोडायचं नाही, ते भंगारात जाईल. असं म्हणून त्यांनी खिशातला लाल खडू काढला आणि माझ्या कपाळावर भली मोठी फुली मारली.

मी काय करणार? मला जबडा आहे, पण जीभ नाही. नाहीतर त्या दिवशी मी असं काही सुनावलं असतं की साहेब जिना विसरले असते!

मावशी मात्र दारात उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा उतरला होता, पण आवाज नाही.

"साहेब, जबडा घाण असेल तर मी घाण," त्या म्हणाल्या. "खिळ्यावर कापड होतं. तुम्ही माझ्या हाताला नाव ठेवताय. तेवढं सिद्ध करा, मग न्या याला."

साहेब म्हणाले, हा कण डोळ्यांना दिसत नाही, तर कापडाला काय दिसणार? खरं सांगायचं तर हे उत्तर बिनतोड होतं. त्या माझ्या चाकावर हात ठेवून उभ्या राहिल्या. एवढी वर्षं इमानाने केलेलं काम असं एका फुलीत पुसलं जातं, याचा मला जो संताप आला तो अजून गेलेला नाही.

तेव्हा साहेबांबरोबर आलेल्या चौघांतली मासेवाली पुढे झाली. तिचं तर सगळंच पाण्यात गेलं होतं. मावशींवर ढकलून ती सहज मोकळी झाली असती, पण तिने तसं केलं नाही.

"दगडाचा अर्धा तुकडा अजून माझ्या टेबलावर आहे," ती म्हणाली. "तो जबड्यात गेलेलाच नाही. न फोडता बघूया. फोडलाच नाही तर ग्रॅनाइट येणार कुठून?"

साहेबांनी खांदे उडवले, पण नाही म्हणाले नाहीत.

मग तिने त्या तुकड्याची चकती कापली, काचेवर चिकटवली आणि घासत घासत इतकी पातळ केली की तिच्यातून उजेड पलीकडे जाऊ लागला. अशा चकतीत प्रत्येक कण जिथल्या तिथे बसलेला दिसतो. आता न सोडवता, आहे त्याच जागी कणांचं वय मोजायचं होतं. ते दिवस मला कसे गेले म्हणून सांगू! कपाळावर फुली, चाक बंद, ते फिरवणारा पट्टा काढून ठेवलेला. तरी मावशी रोज यायच्या, मला उघडायच्या, पुसायच्या आणि कापड टांगून जायच्या. फोडायला काही नसताना! कोणी विचारलं तर म्हणायच्या, माझी खोली आहे, मी पुसेन.

अखेर एकदा जिन्यावर पावलं वाजली. पुढे मासेवाली, मागे साहेब. मासेवाली धावतच आली आणि मावशींच्या गळ्यातच पडली.

चकतीत चाळीस कोटींचे कण सापडले होते! राखेच्या अगदी आत, चारी बाजूंनी राखेनेच घट्ट धरलेले. माझा दात ज्या दगडाला लागलाच नव्हता, त्यात ते होते. मग आले कुठून? तर तो ग्रॅनाइट त्याच टेकडीच्या पायथ्याचा होता. ज्वालामुखीचा रस वर येताना त्याच ग्रॅनाइटला फोडत आला आणि त्याचे जुने कण आपल्या राखेत घेऊन उधळला. म्हणजे मिसळामिसळ झाली होती, पण ती मी केली नव्हती, नऊ कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीने केली होती. त्याच्या कपाळावर मारा की फुली!

ज्वालामुखीचे स्वतःचे कण नऊ कोटींचे, म्हणून राख नऊ कोटींची. आता वरची राख मोजली की मासेवालीचा मासा मधे सापडेल. आणि ती फोडायची कोणी? मासेवालीने स्वच्छ सांगितलं की तिचा दगड जबडेरावच फोडेल, दुसरं कोणी नाही.

साहेब घसा खाकरून म्हणाले की ठीक आहे, पट्टा चढवा. मावशी हलल्या नाहीत. त्यांनी खिळ्यावरचं पांढरं कापड काढलं आणि साहेबांपुढे धरलं.

"फुली तुम्ही मारलीत. तुम्हीच पुसा."

मला वाटलं, आता मावशींची नोकरी जाते. पण साहेबांनी कापड घेतलं, बाह्या वर केल्या आणि माझं कपाळ पुसलं. नीट पुसलं, कोपऱ्यापर्यंत. पुसता पुसता म्हणाले, "मावशी, चुकलं माझं." मित्रांनो, साहेबांबद्दलचा माझा राग त्या दिवशी अर्धा गेला. उरलेला अर्धा मी राखून ठेवला आहे.

तुमच्याही घरात, शाळेत, दुकानात माझ्यासारखं एखादं जुनं यंत्र असेल. आणि त्याला जपणारं, कधीच फोटोत न येणारं एखादं माणूसही असेल. त्यांना तेल द्या, त्यांना मान द्या. आणि काही बिघडलं की सगळ्यात जुन्यावर बोट ठेवायची घाई करू नका. आधी दगड तपासा, मग जबडा.

आजही मी फोडतो आहे. वरच्या राखेचा दगड कालच माझ्या तोंडात पडला. भिंतीवर आता दोन खिळे आहेत. एकावर रोजचं पांढरं कापड असतं. दुसऱ्यावर मावशींनी ते लाल खडूचं कापड न धुता कायमचं टांगून ठेवलं आहे. कोणी विचारलं तर त्या सांगतात, "जबडेरावांच्या अंगावर घाण सापडली ती एवढीच."