आवाज स्पीकरमधूनच

हेडफोनच्या पिनेवर तीन काळ्या कड्या होत्या. रोजच्या हाताळणीतली पिन, पण कड्या आज पहिल्यांदा मोजल्या — बाहीला पुसल्या, फुंकर मारली, पिन पुन्हा भोकात सारली, खट् झालं, म्हणजे बसली… आणि तरी टेबलावरच्या दोन काळ्या स्पीकरांतून आवाज-तपासणीच्या रेकॉर्डिंगमधली ती परकी बाई खणखणीत म्हणालीच, "फ्रंट लेफ्ट, फ्रंट राइट." इकडे हिच्या कानांवर हेडफोन होते आणि कानांत ठार शांतता.

"कोण आलंय गं बेबी?" पलंगावरून अण्णांनी विचारलं.

"कुणी नाही अण्णा. कॉम्प्युटरचा आवाज तपासतेय."

"सकाळपासून तेच तेच काय सांगतेय ती?"

"डावीकडे, उजवीकडे."

"मग जाऊ दे तिला एकदाची," अण्णा म्हणाले आणि त्यांनी पेपर पुन्हा तोंडासमोर धरला.

बेबी! त्रेचाळिसावं सरत आलं, कानशिलांवर पांढरं दिसायला लागलं, चाळिशीचा चष्मासुद्धा जुना झाला, पण या खोलीत ती बेबीच. खोली म्हणजे तरी काय — एका भिंतीला अण्णांचा पलंग, त्याला खेटून टेबल, टेबलावर कॉम्प्युटर, आणि खुर्ची मागे सरकवली की ती पलंगाच्या कडेवर आपटणार हे ठरलेलं. दुसरी खोली स्वयंपाकाची. तिथं ना इंटरनेटची वायर पोचत ना अण्णांची हाक. पक्षाघातानं अण्णांचे पाय नेले त्याला अकरा वर्षं झाली. कान मात्र असे तिखट होत गेले की जिन्यात पोस्टमन चढायला लागला तरी 'हा नवा दिसतोय, जाडा आहे' म्हणून सांगायचे, आणि दार उघडावं तर नवा आणि जाडा पोस्टमन.

हेडफोन ही तिची तिसरी खोली होती. डॉक्टरांनी बोलून ठेवलेले रिपोर्ट ऐकायचे आणि टाइप करून पाठवायचे, हे तिचं काम — कुणाचं यकृत, कुणाचा गुडघा — पण खरं सांगायचं तर काम संपल्यावरही तास-तासभर ती हेडफोन कानांवर ठेवायची, काहीही न लावता. कारण हेडफोन घातलेल्या माणसाला उगाच हाक मारायची नाही, एवढा एक नियम या घरात पाळला जायचा. पाप वाटायचं… पण करायची.

आणि आज चार वाजता तिची मुलाखत होती. दुसऱ्या शहरातल्या एका इस्पितळाच्या रेकॉर्ड खात्यात जागा होती, वर राहायला खोली देणार होते. रेकॉर्डिंग ऐकवून तिथल्या तिथे टाइप करून घेणार होते, म्हणजे स्वयंपाकघरात जाऊन फोनवर भागवायचीही सोय नव्हती. हाच कॉम्प्युटर, हीच खुर्ची. हे तिनं घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. कुणालाच म्हणजे अण्णांना.

आणि मोडलं कुणी? तिनंच. रोज सकाळी अण्णांच्या बातम्यांसाठी स्पीकर निवडायचा, बातम्या संपल्या की हेडफोन — एका टिचकीचं काम होतं, कधी कुरकुर नाही. पण ऐन वेळी घोटाळा नको म्हणून काल ती स्वतःच सेटिंगमध्ये शिरली, कुठल्याशा फोरमवरच्या चार ओळी जशाच्या तशा चिकटवल्या, आणि मग करायला गेले काय नि उलटे झाले पाय. आज काहीही निवडा, आवाज स्पीकरमधूनच. पिन काढली, घातली. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. शेवटी चिडून स्पीकरची वायरच उपटली, तर दोन्हीकडे सामसूम. अडीच वाजले होते. पुढ्यातलं घड्याळ तिनं उलटं करून ठेवलं, जणू त्यानं काही फरक पडणार होता.

नाइलाजानं धाकट्या भावाला फोन लावला. कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स त्यानंच घातलं होतं — 'फुकट आहे ताई, व्हायरस नाही, जुन्या मशीनवर पळतं' — आणि मग तो स्वतःही पळाला, दूर, नोकरीच्या गावी. म्हणजे ज्याला कळू द्यायचं नाही त्याच्याच हातून कुलूप काढून घ्यायचं! ती गेली तर अण्णा त्याच्याकडे जाणार, दुसरं आहे कोण? 'पुढच्या वर्षी अण्णांना मी नेतो' असं तो अकरा वर्षं म्हणत आला होता, आणि ती दर वर्षी 'अरे, राहू दे, घाई नाही' म्हणत आली होती.

"काळी खिडकी उघड. अल्सामिक्सर टाइप कर. उभे खांब दिसले?"

"दिसले."

"हेडफोन लिहिलेल्या खांबाखाली काय आहे?"

"एम एम."

"म्हणजे त्याचं तोंड बांधलंय. त्याच्यावर जा आणि एम दाब."

एम एमचे दोन शून्य झाले. तिनं श्वास सोडला.

"आता उजवीकडे सरकत जा. ऑटो-म्यूट सापडलं? काय म्हणतं?"

"डिसेबल्ड."

"ताई, तू छेडछाड केलीस. हे आपोआप होत नाही."

"मी कशाला करू?"

"बरं, नाही केलीस. एनेबल्ड कर. पिन घातली की स्पीकरनं गप्प बसायचं, असा तो हुकूम आहे. पण एवढी घाई कसली? रविवारी निवांत बघितलं असतं मी."

"चारच्या आत काम द्यायचंय रे."

"तुझं आपलं नेहमीचंच. अण्णा बरे ना? पुढच्या वर्षी खरंच—"

"घाई नाही," ती म्हणून गेली आणि फोन ठेवला. आजच्या दिवशीसुद्धा! स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

पण आवाज आला होता. फ्रंट लेफ्ट डाव्या कानात, फ्रंट राइट उजव्या कानात, स्पीकर मुके, अण्णा पेपरात — तिला हसू फुटलं, एकटीलाच, बाहेर न सांडणारं. चार वाजता मुलाखत घेणाऱ्या बाई बोलायला लागल्या तेव्हा त्या फक्त तिच्या होत्या. परीक्षाही झकास गेली. रेकॉर्डिंगमधल्या डॉक्टरांनी आधी डावा गुडघा म्हटलं होतं आणि शेवटी उजवा, तिनं तिथं खूण करून ठेवली, बाई खूश झाल्या. मग प्रश्न सुरू झाले.

"हो," ती म्हणाली. "नाही, लग्न नाही झालं… हो, राहायला येईन. नाही, नाही — एकटीच."

पलंगावरच्या पेपराची सळसळ थांबली.

— अगं मूर्ख बाई! ती मनात स्वतःलाच म्हणाली. सकाळपासून मी एका वायरीच्या मागे लागले, कानात येणारा आवाज कोंडला, आणि तोंडातून जाणारा? अण्णांनी तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती. एका बाजूचं बोलणं ऐकून दुसरी बाजू सांगायची, हा त्यांचा घरचा खेळ. शेजारणीच्या नुसत्या 'हं… हो का… बरं' वरून तिच्या मुलीचं जमलेलं लग्न मोडल्याचं त्यांनी ओळखलं होतं. हे जिनं लहानपणापासून पाहिलं, तिनं दिवसभर पिन पुसत बसावं!

"एक तारखेपासून जमेल?" बाई विचारत होत्या. "घरचं काही बंधन वगैरे?"

तिनं मान हलवली. बाईंना ती दिसत नव्हती. मागे पलंग दिसेल म्हणून कॅमेऱ्यावर तिनंच कागद चिकटवला होता.

"हॅलो? माझा आवाज येतोय ना?"

येत होता, अगदी स्वच्छ. तिला वाटलं, बिघाड होता तेच बरं होतं… स्पीकरमधून या बाईंनीच परस्पर सांगून टाकलं असतं, आपल्याला तोंड उघडावं लागलं नसतं. वळायचं नाही असं ठरवूनही ती वळली. अण्णांनी पेपर घडी करून पोटावर ठेवला होता आणि ते छताकडे बघत होते.

ते 'नको' म्हणतील, याची तयारी तिनं आठ दिवस केली होती. उत्तरं पाठ होती. कुठे रडायचं तेसुद्धा ठरलं होतं. पण त्या चेहऱ्यावर 'नको' नव्हतं. राग नव्हता, भीतीही नव्हती. ते बहुतेक 'जा' म्हणणार होते — खुशाल जा, मी राहीन धाकट्याकडे — आणि कदाचित आजारपणाच्या पाचव्या वर्षी विचारलं असतं तरी हेच म्हणाले असते, कदाचित दुसऱ्याच वर्षी… इतकी भीती तिला त्यांच्या नकाराचीसुद्धा कधी वाटली नव्हती.

"हॅलो?" बाई पुन्हा म्हणाल्या.

तिनं तोंड उघडलं. हो म्हणायचं की नाही ते अजून ठरलं नव्हतं. पण आता जे काही म्हणेल त्याचं खापर तिला अण्णांच्या अधू पायांवर फोडता येणार नव्हतं.