चोवीस तास, सदतीस अंश

सर्जनला मी वॉर्डच्या दारातच गाठलं. "अपेंडिक्स आहे हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"पोट उजवीकडे खाली दुखतंय, ताप आहे. आणखी कोणी सांगायला हवं?" तो हात पुसत म्हणाला. "आणि शौचाची तपासणी स्वच्छ आहे. तुमच्याच लॅबचा रिपोर्ट आहे, मॅडम."

माझी लॅब म्हटल्यावर पारा आणखीच चढला. आत झोपलेली खारू ही माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी, नऊ वर्षांची. तिला थॅलेसेमिया आहे. दर तीन आठवड्यांनी रक्त भरायचं, आणि त्या रक्ताचं अंगात साठणारं लोह काढायला रोज पोटावर सुई लावून औषधाचा छोटा पंप जोडायचा. अशा मुलीला ताप आणि पोटदुखी एकत्र आली की डॉक्टरला एका जंतूची आठवण झालीच पाहिजे. यर्सिनिया.

हा मेला फ्रिजमध्येसुद्धा मजेत वाढतो. पोटात उतरला की आतड्याजवळच्या गाठी त्याला अडवायला जातात आणि सुजतात. दुखणं तिथलं आणि सोंग अपेंडिक्सचं. पांढऱ्या पेशी त्याला गिळायला धावतात, तर हा त्यांनाच सुई टोचून त्यांचे हातपाय लुळे करतो. त्याला चणचण एकाच गोष्टीची, लोहाची. निरोगी शरीर ते कडीकुलपात ठेवतं. खारूच्या अंगात त्याचा सुकाळ, आणि पंपातल्या औषधाने धरलेलं लोह तर या चोराला आयतंच मिळतं. म्हणून ताप आला की पंप बंद, हा नियम तिच्या आईलाही पाठ आहे.

"एक तास थांबा," मी म्हणाले. "तोवर सोनोग्राफी करा. त्याआधी सुरी लावलीत तर माझ्याशी गाठ आहे."

तणतणत लॅबमध्ये आले. कोणी केला हा रिपोर्ट? आज त्याची चामडी सोलायची असं ठरवूनच रजिस्टर उघडलं. नमुना सोमवारी आलेला, रिपोर्ट मंगळवारी गेलेला. 'रोगजंतू आढळले नाहीत.' खाली माझी सही.

"नमुन्यातले जंतू वाढवायची प्लेट चोवीस तासांत फेकून दिलीच कशी?" मी टेक्निशियनबाईंवर ओरडले.

त्या वीस वर्षं इथे आहेत. त्यांनी इन्क्युबेटरच्या, म्हणजे प्लेट्स ऊबेत ठेवायच्या कपाटाच्या, दाराकडे बोट केलं. तिथे माझ्याच अक्षरात कागद चिकटवलेला होता: 'चोवीस तास, सदतीस अंश. काही न दिसल्यास टाकून द्या.' नमुन्यांचे ढीग साठत होते म्हणून दोन वर्षांपूर्वी मीच तो लावला. हा जंतू आळशी, त्याला गारवा आवडतो, एका दिवसात धड दिसतही नाही. हे मी विद्यार्थ्यांना शिकवते. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

टाकलेल्या प्लेट्सची पिशवी दर शुक्रवारी जंतू मारायला ऑटोक्लेव्हच्या वाफेत जाते. आज गुरुवार होता. हातमोजे घालून मी ती टेबलावर उपडी केली. खारूची प्लेट दोन दिवस खोलीच्या गारव्यात पडली होती. तिच्यावर टाचणीच्या टोकाएवढे फिकट ठिपके उगवले होते. पक्की खूण पटायला वेळ लागणार होता, पण मी तिथूनच फोन केला: पंप बंद, अँटिबायोटिक बदला. सर्जनचा आवाज उतरला होता. सोनोग्राफीत गाठी सुजलेल्या होत्या, अपेंडिक्स ठणठणीत.

वर गेले तेव्हा बहीण खारूच्या पोटावरची सुई काढत होती.

"पोट दुखायला लागलं त्याच दिवशी मी पंप बंद केला होता, ताई. रिपोर्ट स्वच्छ आला म्हणून परत लावला. कालही लावला."

"मला का नाही कळवलंस?"

"तुझीच लॅब होती ना."

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. शनिवारी खारूचा ताप उतरला. "मावशी, भूक लागली," असं ती म्हणाली आणि मला रडू फुटलं. मग बहिणीने मला बाहेर बोलावलं.

"सही करताना नाव वाचलं होतंस?"

"नाही. गठ्ठा येतो, मी सह्या करते."

"वाचलं असतंस तर थांबली असतीस?"

"हो. अगं, म्हणजे काय!"

"खारूसाठी थांबली असतीस," ती दात आवळून म्हणाली. "बाकीच्यांच्या लेकरांना चोवीस तास पुरे."

कागद मी गुरुवारीच फाडला होता, हे तिला सांगणार होते. पण पिशवी काल वाफेत गेली होती. आत पन्नासेक प्लेट्स होत्या, प्रत्येकीवर कुणाचं तरी नाव. गुरुवारी त्या मी न बघताच, स्वतःच्या हातांनी परत पिशवीत भरल्या होत्या. बाहेर ठेवली होती फक्त एक.