निळी, मी आणि पुलाखालच्या लाखो आया

मित्रांनो, मी एक जुनी, जाडजूड, बिनदिव्यांची एसएसडी आहे. म्हणजे माहिती साठवायची डबी. माझ्या पोटात फिरणारं काही नाही, नुसत्या चिपा. दिसायला मी इतकी साधी आहे की टेक्सासातल्या एका माणसाने मला चक्क कागदांवर वजन म्हणून ठेवलं होतं. पण गेल्या जूनमध्ये एका रविवारी जे घडलं, ते सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

मी जन्मले कारखान्यात. तिथल्या लोकांनी मला तापवलं, गारठवलं, लिहिता लिहिता मध्येच माझी वीज तोडली आणि एवढं सोसून मी टिकले तेव्हाच मला बाहेर पाठवलं. मग सॅन अँटोनिओच्या एका डेटा सेंटरमध्ये माझी नेमणूक झाली. पंख्यांचा घोंघाट, गार वारा आणि रात्रंदिवस लिहिणं! लोक कामाने दमतात म्हणे, मला तर त्यातच मजा यायची. पुढे माझ्याहून मोठ्या पोटाच्या नव्या डिस्का आल्या आणि मला भंगारात काढलं. आठवडी बाजारातल्या एका खोक्यात, जुन्या रिमोटांच्या खाली, मी कितीतरी दिवस पडून होते. तिथून मला लेतिसिया कांतूने उचललं.

लेतिसिया वटवाघळांची अभ्यासक. पेकन क्रीक नावाच्या ओढ्यावरच्या पुलाला खालून लांबच लांब फटी आहेत. दर वसंतात मेक्सिकोहून लाखो माद्या तिथे येतात आणि त्या फटींत पिल्लं वाढवतात. आणि काउंटीने, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या कारभाऱ्यांनी, नेमक्या त्याच फटी सोमवारपासून बुजवायचं ठरवलं होतं. उडता न येणारी पिल्लं आतच राहिली असती.

रस्तेखात्याचे वेंडेल हॅच साहेब माणूस वाईट नव्हते. ते म्हणाले होते, "बाई, आत पिल्लं आहेत म्हणता ना? मग दाखवा. एका संध्याकाळचं सलग चित्रण आणा, मध्ये एकही भोक नको. अंदाज काय, घरी बायकोही मला रोज देते."

सलग का, ते ऐका. संध्याकाळी सगळ्या माद्या किडे खायला बाहेर पडतात, पण ज्यांची पिल्लं दुधावर असतात त्या थोड्याच वेळात धावत परत येतात. गेलेल्या किती आणि परतलेल्या किती, हे कळायचं तर एक क्षणही सुटून चालत नाही. त्यासाठी उष्णता टिपणारे चार कॅमेरे लावले होते आणि चारही आपलं चित्रण एकाच डिस्कवर ओतणार होते.

ती डिस्क कुठली, यावरून बहीणभावात जुंपली. लेतिसियाचा धाकटा भाऊ रोलांदो शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघाच्या शुक्रवारच्या सामन्यांचं चित्रण करतो. टेक्सासात हा केवढा मान, ते त्याच्या चालण्यावरूनच कळतं. तो त्याच्या डिस्कला, निळीला, घेऊन आला. सडपातळ, चकचकीत, कडेने निळे दिवे आणि खोक्यावर वेगाचा हा एवढा मोठा आकडा.

"ताई, हा दगड कुठल्या उत्खननात सापडला?" मला उचलून तो म्हणाला.

"बाजारात. सर्व्हरमधली आहे. काम करते."

"काम गाढवही करतं. ही बघ. अख्खा हंगाम हिच्यावर काढलाय. एक जरी फ्रेम सुटली असली तर तुझ्या वटवाघळांच्या लेंड्या खाईन."

"जपून बोल. पुलाखाली ढीग पडलाय."

शुक्रवारी दोघींची परीक्षा झाली. रोलांदोने ती त्याच्या पद्धतीने घेतली. कॅमेरे चालू, एका चालीपुरतं चित्रण, बंद. पुन्हा चालू, पुन्हा बंद. निळी वाऱ्यासारखी धावली, मी मागे पडले आणि नकाशा उडू नये म्हणून त्यावर ठेवली गेले. खोटं कशाला सांगू, फार लागलं मनाला.

शनिवारी हॅच साहेब घडीची खुर्ची आणि बर्फाची पेटी घेऊन हजर झाले. सूर्य टेकला आणि पुलाखालून वटवाघळांचा लोंढा सुटला. सुरुवातीला निळी झोकात होती. मग पडद्यावर आकडे अडखळले, चित्र थिजलं, पुढे उडी मारून सुरू झालं, पुन्हा थिजलं.

"रोलांदो, मधली वटवाघळं कुठे गेली?" लेतिसियाने विचारलं.

रोलांदो तारा हलवत राहिला. तारांचा काहीच दोष नव्हता.

"उद्या चर्चनंतर मी मोकळा आहे," खुर्ची मिटत हॅच साहेब म्हणाले. "परवा माझे लोक मोकळे आहेत."

मित्रांनो, निळी खोटारडी नव्हती. तिच्या दाराशी एक छोटी, चपळ ओसरी आहे. आलेला माल आधी ओसरीत धडाधड टाकायचा आणि उसंत मिळाली की आत नेऊन लावायचा. फुटबॉलमध्ये चाल संपते, शिट्टी होते, खेळाडू घोळका करून कुजबुजतात, तेवढ्यात तिची ओसरी रिकामी होते. पण वटवाघळांना कोण शिट्टी मारणार? ओसरी भरली, अंग तापलं आणि निळीची चाल गोगलगायीची झाली.

हे रविवारी दुपारी लेतिसियाच्याच लक्षात आलं. समोर मक्याच्या पिठाचे वाफवलेले तमाले होते, पण ती जेवेना.

"तू शुक्रवारी मध्ये मध्ये का थांबत होतास?"

"म्हणजे? सगळे थांबतातच. चाल संपली की..." आणि त्याने निळीकडे पाहिलं.

मग तिने आम्हा दोघींना दुपारभर, न थांबता लिहायला लावलं. पडद्यावर दोन रेघा उमटत गेल्या. निळीची रेघ उंच चढली आणि मग कड्यावरून पडावी तशी कोसळली. माझी रेघ तिच्याइतकी वर गेलीच नाही. ती नुसती सरळ चालत राहिली आणि कॅमेऱ्यांना जेवढं हवं होतं त्याच्या वरच राहिली.

"किती कंटाळवाणी रेघ आहे," रोलांदो म्हणाला. मग त्याने हळूच मला नकाशावरून उचललं, बाहीने पुसलं आणि समोर एक छोटा पंखा ठेवला.

आणि ती संध्याकाळ! चार बाजूंनी चित्रं येत होती, मी लिहीत होते. लोंढा जाड होत गेला, मी लिहीत होते. मग माद्या परतू लागल्या, जाणाऱ्या आणि येणाऱ्या एकमेकींत मिसळल्या आणि मी तरीही लिहीतच होते. पुन्हा डेटा सेंटरमध्ये आल्यासारखं वाटलं. शेवटी लेतिसिया म्हणाली, "पुरे. सगळं मिळालं." ती बंद करायला हात पुढे करणार, तोच रोलांदोने आनंदाने उडी मारली आणि विजेच्या तारेत पाय अडकवला.

पडदा काळा.

"रोलांदो," लेतिसिया एवढंच म्हणाली.

पण मित्रांनो, कारखान्यात उगीच का माझी वीज तोडली होती? माझ्या पोटात विजेचे छोटे साठे आहेत. त्या जोरावर हातात होतं नव्हतं ते सगळं मी उतरवून घेतलं आणि मगच डोळे मिटले. तार लागली, संगणक उठला आणि चित्रण पहिल्यापासून शेवटपर्यंत जसंच्या तसं.

चर्चनंतर आलेले हॅच साहेब खुर्चीतून पडद्याकडे वाकले. पांढरे ठिपके घाईघाईने पुलाखाली शिरत होते.

"या पाजायला येतात?"

"हो."

"माझी बायको डोरीनही गिरणीतून जेवणाच्या सुट्टीत अशीच धावत यायची. पोरगा पाळण्यात होता." त्यांनी फोन काढला. "सोमवारी कुणी येऊ नका. नोव्हेंबरात बघू, ही मंडळी मेक्सिकोला गेली की."

निळी आता पुन्हा फुटबॉलच्या मैदानावर असते. शुक्रवारच्या सामन्यांत तिच्यासारखी दुसरी कुणी नाही.

मित्रांनो, आम्हाला निवडताना खोक्यावरचा मोठा आकडा बघून भुलू नका. आधी काम बघा. काम तासन्‌तास चालणार असेल तर परीक्षाही तासन्‌तास घ्या. मग आम्हाला थोडा वारा द्या, पोटात थोडी जागा मोकळी सोडा. आम्ही लिहून लिहूनच झिजतो आणि माझं बरंचसं लिहून झालंय. पण जे उरलंय ते पुढच्या जूनसाठी राखून ठेवा. मला डोळे नाहीत, मी वटवाघूळ कधी पाहिलं नाही. तरी त्या संध्याकाळी घाईने घरी परतलेली प्रत्येक आई माझ्यातून गेली आहे.