हुकावरचं बिनकुलपाचं काम

दुपारी चारला ऊन तिरपं होऊन दुकानात शिरायचं आणि भिंतीभर टांगलेल्या कोऱ्या किल्ल्या एकदम जाग्या व्हायच्या. पितळेच्या मासोळ्यांनी पाण्यात अंग वळवावं तशा. भिंगरी शाळेतून यायची, दप्तर काउंटरखाली सरकवायची, उंच स्टुलावर बसायची आणि त्या मासोळ्यांमधून पोहत पोहत देवाकडे जायची. तिचा देव काही फार उंचावर राहत नव्हता. दुकानाच्या मागे पडदा होता, तसल्याच एका पडद्यापलीकडे तो कामात गढलेला असायचा. हाताला पितळेची पूड. हिची चाहूल लागली की मान वर न करता म्हणायचा, "बोल."

बोलायचं एकच होतं. बाबांच्या उजव्या हाताची बोटं.

भिंगरीचे बाबा कुलूपवाले. किल्ली हरवलेलं कुलूप न तोडता उघडण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. कोरी किल्ली कुलपात घालायची, हलकेच फिरवायची, बाहेर काढून तिच्यावर उमटलेले बारीक डाग बघायचे, तिथेच केसभर कानस मारायची, पुन्हा घालायची. तीस वेळा, चाळीस वेळा. "कुलूप आतून बोलत असतं," ते म्हणायचे. "ऐकायला कान लागतात, आणि ते बोटांत लागतात."

पाच महिन्यांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका येऊन गेला. पाय सुधारला, जीभ सुधारली, उजवा हात हलायलाही लागला. पण बोटं बहिरी झाली ती झालीच. सुई टोचली तरी पत्ता लागायचा नाही. डॉक्टर म्हणाले होते, सहा महिन्यांत जाणीव परतली तर परतली, पुढचं सांगता येत नाही. तेव्हापासून मशीनवर किल्लीवरून किल्ली काढायचं साधं काम आई करायची, आणि बाबा बाजूला बसून गिऱ्हाइकांशी गप्पा मारायचे. हसत हसत. ते हसू भिंगरीला बघवत नसे.

दुकानाची एक रीत होती. दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक कुलपाला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधायची: नाव, काम, कधी हवं. मग ते हुकावर. भिंगरीनेही एक चिठ्ठी लिहिली होती. काम: बाबांची बोटं, नग पाच. कधी हवं: लवकर. नावापाशी पेन्सिल चावून चावून शेवटी तिने 'आम्ही' लिहिलं. बांधायला कुलूप नव्हतं, म्हणून नुसती चिठ्ठीच हुकावर अडकवली, एका गंजक्या कुलपाच्या आडोशाला. आणि रोज चारला ती पडद्यापलीकडे विचारायची, "झालं का?" तिची प्रार्थना एवढीच.

घोड्याने पेंड खाल्ली ती एका रविवारी. चर्चमध्ये मुलांचा वर्ग मावशी घ्यायची. वर्ग सुटल्यावर बाकं सारता सारता तिने विचारलं, "रोज तेच मागतेस?"

"रोज."

"अगं, देव काय बहिरा आहे? एकदा सांगावं, विश्वास ठेवावा, गप्प बसावं. आई ताट वाढतेय म्हटल्यावर तू दर मिनिटाला ओरडतेस का?"

"हो," भिंगरी म्हणाली.

"तुझ्यापुढे हात टेकले," मावशी म्हणाली. पण तिचं बोलणं भिंगरीच्या मनात घर करून बसलं.

सोमवारपासून तिने विचारणं बंद केलं. चारचं ऊन यायचं, मासोळ्या वळायच्या, आणि ही पडद्यासमोरून चवड्यांवर चालत निघून जायची. पलीकडे कानशीचा आवाज चाललेला असायचा, मध्येच थांबायचा, जणू कोणी कान देतंय. तरी ती गप्प. आपल्या गप्प बसण्यात विश्वास किती आणि रुसवा किती, हे तिचं तिलाही उमगेना. नवव्या दिवशी तर चार कधी वाजून गेले तेच तिला कळलं नाही.

दहाव्या दिवशी ती आली तेव्हा बाबा डाव्या हाताने हुकांवरची कुलपं उतरवून खोक्यात भरत होते.

"हे काय?"

"पुलापलीकडच्या कुलूपवाल्याला देतोय. लोकांनी किती थांबायचं?" त्यांनी एक चिठ्ठी तिच्यापुढे धरली. "बाईसाहेब, या कामाचं काय करू? यात कुलूपच नाही."

भिंगरीचे कान तापले.

"कोणाकडे दिलंय?"

"देवाकडे."

"मग त्याच्या हुकावर लावायचं. माझ्या का?"

"तुमच्या हुकावरचं काम तुम्ही विसरत नाही. मला वाटलं, तोही तसाच असेल."

बाबांनी चिठ्ठी पुन्हा एकदा वाचली. "मग काय म्हणतोय?"

"मी आता विचारत नाही. मावशी म्हणते, रोज विचारणं म्हणजे अविश्वास."

"तुझी मावशी गुणाची आहे. पण तिने कधी दुकान चालवलेलं नाही." त्यांनी वरच्या फळीकडे हनुवटी केली. तिथे धूळ पांघरून पंधरा-वीस कुलपं झोपली होती. "ती बघ. लोक ठेवून गेले ते गेलेच, वर्षानुवर्षं फिरकले नाहीत. त्याला विश्वास म्हणायचं? विसर म्हणतात त्याला. आणि तो घड्याळवाला आठवतो? महिनाभर माझा पिच्छा पुरवला. सकाळ झाली की दारात. पण माझा भरवसा नसता तर कुलूप उचलून दुसरीकडे गेला असता ना? रोज यायचा तो माझ्याच दारात."

"मग त्याचं आधी केलंत?"

"छे. व्हायचं तेव्हाच झालं. पण तोवर आमची दोस्ती झाली होती."

भिंगरीने पाय हलवायचे थांबवले. "तुम्ही विचारता, बाबा?"

बाबांचं हसू विझलं. "मी मागितलंच नाही," ते हळूच म्हणाले. "नाही म्हणाला तर, म्हणून."

"पण नाव 'आम्ही' लिहिलंय. तुम्ही आहातच त्यात."

बाबांनी चिठ्ठी पुन्हा हुकावर लावली. मग खोक्यातली कुलपंही एकेक करून वर चढवली.

त्या दिवसापासून चारला दोघं बसू लागली. बाबांना मागता यायचं नाही. ते घसा खाकरायचे, आणि भिंगरीच्या मागून "तेच माझंही" म्हणायचे. सहावा महिना भरला. सरला. डॉक्टरांची मुदत मागे पडली, आणि घरात त्याबद्दल कोणी ब्र काढला नाही. सातव्या महिन्यातही दोघं पडद्यापाशी जात राहिली. कधी काहीच न बोलता नुसती बसायची, आणि पलीकडची कानस शांतपणे चालू असायची.

मधल्या काळात बाबांनी भिंगरीच्या हातात कानस दिली होती. एका गार, ढगाळ दुपारी कोपऱ्यावरची शिंपीणबाई आपल्या पेटीचं कुलूप घेऊन आली. भिंगरीने कोरी किल्ली घातली, फिरवली, काढली.

"डाग दिसतोय?" बाबांनी विचारलं.

"दोन आहेत. का एकच, कोण जाणे."

"आण इकडे." त्यांनी सवयीने उजवाच हात पुढे केला. किल्ली तळहातावर पडली, घरंगळून बोटांकडे गेली. बाबांनी कपाळाला आठी घातली. "ओली का दिलीस?"

"ओली नाहीये."

"मग गार का लागतेय?"

मशीन थांबलं. आईने बटण कधी दाबलं ते कोणालाच दिसलं नाही. बाबांनी किल्ली काउंटरवर ठेवली, डोळे मिटले, आणि आंधळा उंबरा चाचपतो तसं एकेक बोट तिच्यावर टेकवलं. अंगठा, काही नाही. तर्जनी, नाही. मधलं, नाही. अनामिका, नाही. करंगळी टेकली आणि तिथेच राहिली.

"करंगळी," ते म्हणाले. "फक्त करंगळी."

"आणि बाकीची चार?" भिंगरीने विचारलं.

"अगं, आधी आभार तरी मान," आई म्हणाली.

भिंगरीने तोंड उघडलं, पण एरवी तोंडाचा पट्टा चालवणाऱ्या तिला एक अक्षर फुटेना. तेव्हा बाबांनीच घसा खाकरला. "बापा," ते म्हणाले, आणि अडखळले, आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणाले, "बापा." शिंपीणबाईला काय चाललंय ते नीटसं कळलं नव्हतं. तिने हळूच चष्मा काढला आणि पेटीवर हात ठेवून मान खाली घातली.