कन्हानच्या काठची कॉफी

अर्धांगाच्या झटक्याला आठ महिने झाले होते. अरुंधतीची जीभ सावरली, पायही सावरला. उजवा हात मात्र मनात आलं तरच ऐकायचा. तरी यंदाही डिसेंबरात कन्हान नदीच्या काठी तंबू ठोकायचा, हे तिनंच ठरवलं. दरवर्षी तिथली सकाळची कॉफी तिच्या हातची असायची. बिया जागेवर दळायच्या, पूड चुलीवर उकळायची, कॉफी फडक्यातून गाळायची.

उन्हं पाण्यावर उतरली तेव्हा ती तंबूबाहेर आली. तिचा नवरा कृष्णकांत तीन दगडांची चूल पेटवून बसला होता. त्यानं हळूच खिशातून तयार कॉफीच्या पुड्या काढल्या.

"आज हीच घेऊ. काहून तरास करून घेते वं?"

"ठेवा त्या आत," अरुंधती म्हणाली. "मी करून राहिली ना."

इतवारी बाजारातून घेतलेली छोटी हातचक्की तिनं गुडघ्यांत धरली आणि डाव्या हातानं दांडा फिरवला. दुसऱ्याच फेऱ्याला चक्की निसटली. बिया वाळूत सांडल्या. लेक श्वेता धावली.

"आई, दे ना मले."

"तू बस तिथंच."

अरुंधतीनं चक्कीला ओढणी गुंडाळली, झाडाच्या बुंध्याला पाठ लावली आणि डब्यातल्या नव्या बिया घातल्या. आता चक्की हलेना. दहा फेरे, मग दम. पुन्हा दहा. खांदा भरून आला, पण हळूहळू वास सुटला. पूड उकळत्या पाण्यात पडली, तेव्हा तिला स्वतःचंच हसू आलं.

गाळताना मात्र घात झाला. डाव्या हातात सांडशीनं धरलेलं पातेलं, उजव्या हातात फडकं. बोटं अचानक ढिली पडली. फडकं घसरलं, पातेलं कलंडलं आणि अर्धी कॉफी चुलीत गेली. राख उडाली. कृष्णकांत ताडकन उठला.

"बसा!"

ती इतक्या मोठ्यानं ओरडली की तोही चपापला आणि खाली बसला. अरुंधतीचे डोळे भरले. तिनं ते बाहीला पुसले आणि उरलेल्या कॉफीकडे बघत राहिली. पातेलं उचलायचं कशाला?

तिनं फडकं रिकाम्या गंजाच्या तोंडावर पसरलं. तंबूची उरलेली दोरी त्याभोवती गुंडाळली आणि एक टोक दातांत धरून डाव्या हातानं गाठ आवळली. मग पळीनं कॉफी काढून एकेक पळी त्यावर ओतली. वेळ लागला, पण थेंबही सांडला नाही. तिघांना अर्धा-अर्धा कप आला.

कृष्णकांतनं घोट घेतला. "चुरा येते दातात."

"येऊ द्या."

तो कपाकडे बघत म्हणाला, "आठ महिने तुले काही करूच नाही दिलं मी. भेव वाटे."

"मले दिसे ते."

त्यानं कप रिकामा केला. "अजून आहे का?"

"दळावी लागंल. अर्धा तास तरी."

"बाबा, आपल्याले दहाले निघाचं होतं," श्वेता म्हणाली.

"अकराले निघू," असं म्हणून त्यानं चुलीत आणखी दोन लाकडं सारली. अरुंधतीनं डब्याचं झाकण उघडलं.