एका काहिलीचे दोन गुळवे

मलकापूरच्या नानासोंना कुणाला नाही म्हणणं जन्मात जमलं नाही. अशी माणसं फार भली असतात म्हणे. त्यांच्या हाताखाली राबायची पाळी ज्यांच्यावर आली नाही, तेच असं म्हणतात.

त्यांच्या गुऱ्हाळावर नाथाजी गुळव्या होता. उसाचा रस आटवायचा, मळी काढायची, बेतानं चुना घालायचा आणि रस नेमका झाला की 'उतरवा' म्हणून काहील चुलवाणावरून काढायला लावायची, हे गुळव्याचं काम. पण पहिली मोठी लढाई संपली त्या साली नानासो सांगलीच्या पेठेत गेले, तासगावकडच्या अल्लाबक्षनं केलेला गूळ चाखला आणि जागच्या जागी त्याला कामावर घ्यायचा शब्द देऊन बसले. हंगाम लागला तसा अल्लाबक्ष वळकटी घेऊन हजर!

"आवं नानासो, मग मी काय करायचं?" नाथाजीनं विचारलं.

"तूबी गुळव्या, त्योबी गुळव्या. दोघांनी समजुतीनं घ्या की रं!" एवढा न्यायनिवाडा करून नानासो जेवायला गेले.

नाथाजी चुलवाण सोडून हलला नाही. ऐन हंगामात चुलवाणावरून हललेल्या गुळव्याला पंचक्रोशीत कुणी दारात उभं करत नाही.

समजुतीचा पहिला नमुना त्याच दिवशी निघाला. रस तापला तसा नाथाजीनं चुना घातला. तो मळी टाकून येतोय तोवर अल्लाबक्षनंही घातला. एकमेकांना विचारायचं कसं? विचारील तो धाकटा ठरायचा! गूळ निघाला काळाठिक्कर.

मग नानासोंनी वाटणी केली. चुना नि मळी नाथाजीची, 'उतरवा' म्हणायचा मान अल्लाबक्षचा. पण आदल्या दिवशीच्या काळ्या गुळानं अल्लाबक्षही धसकला होता. रस झाला तरी तो तोंड उघडेना.

"नाथाजीराव, तुमी हितलं जुनं. तुमीच म्हना."

"छ्या, छ्या! मान तुमचा हाय. आमी कशाला मधी?"

"न्हाई न्हाई, पैलं तुमी."

इतकं सभ्य गुऱ्हाळ अख्ख्या जिल्ह्यात नसेल. दोघांची अदब संपेपर्यंत काहिलीतला रस करपून कोळसा झाला.

नानासो संतापले. पण काढायचं कुणाला? काढणं म्हणजे नाही म्हणणं! त्यांनी तिसराच आणला. पलटणीच्या कोठारात पोती मोजून आलेला मेहुणा, दादासो. त्यानं गुऱ्हाळात आजवर फक्त रस प्यायला होता. खुर्ची सावलीत टाकून तो मुख्य झाला आणि दोन्ही गुळवे चुलवाणात चिपाडं सारायला बसले.

नाथाजी आतल्या आत खूश झाला. आता नुसतं गप्प बसायचं. रस करपेल, दादासो बिऱ्हाड उचलील, आपली जागा आपल्याला. एवढी सोपी गोष्ट.

रस आटत आला. फेस जड झाला, खमंग वास सुटला. दादासो विडी ओढत पलटणीबरोबर पाहिलेल्या बसऱ्याच्या खजुराचं वर्णन करत होता. नाथाजीनं दात आवळले. शेजारी पाहिलं तर अल्लाबक्षही दात आवळून बसलेला. आता गेला रस, गेला! नाथाजीचा जीव तुटायला लागला.

"उतरवा!" दोघं एकदमच ओरडले.

गूळ निघाला सोन्यासारखा. नानासोंनी आनंदानं दादासोला फेटा बांधला आणि ह्या दोघांकडं वळून म्हणाले, "बगा, ह्येला म्हंत्यात कारभार! शिका जरा त्येच्याकडनं."

नाथाजीच्या मस्तकात तिडीक गेली. नानासो लांब जाताच तो म्हणाला, "भाई, उद्या जळून खाक झालं तरी शबुद काढायचा न्हाई."

"अल्ला कसम, न्हाई!" अल्लाबक्ष म्हणाला.

दुसऱ्या दिवशीही गूळ झकास उतरला, दादासोची पुन्हा वाहवा झाली. चुलवाणापाशी मात्र दोन्ही गुळव्यांची चांगलीच जुंपली होती. आधी ओरडलं कोण, एवढाच वाद होता.