कॅप्टन मोझिनांची नजर

मारिबोरच्या प्रयोगशाळेत कॅप्टन मोझिना आले की आधी टेबलावर अक्रोड भरलेल्या गोड रोलचा, पोटीत्साचा डबा यायचा, मग त्यांची टोपी. आज तिथली संशोधक नेझा तो रोल कापतच बसली. पडद्यावर जे दाखवायचं होतं, ते लावायला तिचा हात धजत नव्हता.

खोट्या कॉकपिटमध्ये एकवीस वैमानिक बसवून तिने एकच गोष्ट तपासली होती: 'पाहिला' म्हणताना ते खरंच बघतात का. विमान आपोआप उतरत असताना यंत्र कधीकधी न सांगता वेग सांभाळणं सोडून देतं. समोरच्या पट्टीवरचा 'वेग' हा हिरवा शब्द तेवढा जाऊन दुसरा येतो. म्हणून तो शब्द बघायचा आणि मोठ्याने म्हणायचा, असा नियम मोझिनांनी आपल्या कंपनीत घालून दिला होता. तो देशभरच्या प्रशिक्षणात घ्यायचा का, हे गुरुवारी एक समिती ठरवणार होती. निवृत्त होताना मागे ठेवण्यासारखं आपल्याकडे एवढंच आहे, असं ते म्हणत. आणि हे वैमानिकही त्यांनीच फोन करकरून नेझाला मिळवून दिले होते. एकविसावे ते स्वतः.

तिने चित्रफीत लावली. लाल ठिपका म्हणजे मोझिनांची नजर. त्यांचा आवाज आला, "वेग, पाहिला." ठिपका बाहेर धावपट्टीवर होता.

"परत लाव."

तिने लावली.

"शब्द होता का गं तेव्हा तिथे?"

"चार सेकंद आधीच गेला होता, कॅप्टन."

"चष्मा सरकला असेल. नजर मोजायचा तुझा तो चष्मा."

तिने नुसतं 'असेल' म्हटलं असतं, तरी ही फेरी बाद करता आली असती. कुणी विचारलंही नसतं.

"नाही हो. दोनदा तपासला होता मी."

त्यांनी चित्रफीत स्वतःच बंद केली. मग म्हणाले, "घरी आमच्या मिलेनाला सांगू नकोस. 'ऐकतोय' म्हणतोस आणि ऐकत नाहीस, असं चाळीस वर्षं म्हणतेय ती. आयता पुरावा मिळेल तिला."

"आणखी तेरा जणांचं असंच झालंय."

"समजूत काढतेयस माझी?"

"आकडा सांगतेय."

"मग मला परत बसव. शब्द कधी बदलतो ते सांगू नकोस."

पहिल्या फेरीला ठिपका शब्दावर गेला, थांबला, मग आवाज आला. दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीलाही तसंच. नेझाच्या जिवात जीव आला. चौथ्या फेरीला तिने आडवा वारा सोडला. त्यांचे हात कामात गुंतले आणि तोंड पुन्हा डोळ्यांच्या पुढे धावलं.

ते बाहेर आले तेव्हा तिला काही सांगावं लागलं नाही.

"माहीत असूनसुद्धा," ते म्हणाले. "म्हणजे नियमच कच्चा आहे पोरी. माणसं नाहीत."

"सुधारता येईल ना, कॅप्टन."

"येईल की. पण गुरुवारपर्यंत नाही." त्यांनी तिथूनच समितीच्या अध्यक्षांना फोन लावला. "स्तोयान, माझा प्रस्ताव मागे घे. नाही रे, तब्येत ठणठणीत आहे. माझी ती वेळ इथल्या नेझाला दे. चित्रफीत दाखवेल ती. कुणाची? माझीच."

फोन ठेवून ते खुर्चीत टेकले. एकाएकी थकल्यासारखे दिसले.

"हसतील लेकाचे," ते म्हणाले.

"नाव झाकते मी तुमचं."

"आवाज कसा झाकशील? राहू दे. तू फक्त सावकाश बोल. फार भरभर बोलतेस. बघू, गुरुवारचं भाषण म्हणून दाखव."

नेझा उभी राहिली आणि पहिल्या वाक्यापासून सुरुवात केली. दोनदा त्यांनी तिला थांबवलं.